एक्क्यांची जोडी आणि कांद्याची चाळ

पोकरच्या स्पर्धेत पहिली दोन पानं उचलली आणि दोन्ही एक्के निघाले, तर ते टाकून द्यावेत का? पत्ते खेळणाऱ्या कुणालाही हा प्रश्न विचारला, तर तो आधी विचारणाऱ्याकडेच निरखून बघेल. बावन्न पानांतून दोन-दोन पानांच्या १३२६ जोड्या होतात आणि त्यांतल्या फक्त सहा एक्क्यांच्या. सरासरी २२१ डावांत एकदा हा योग येतो. सुरुवातीच्या पानांत याहून भारी काही नाही. एकास एक लढतीत, समोरच्याची पानं माहीत नसताना, एक्के सरासरी शंभरातले साधारण पंच्याऐंशी डाव मारतात. समोर राजांची जोडी निघाली तरी ऐंशीच्या वर. असा हात टाकायचा कशासाठी?

तरीही काही वेळा तो टाकणं हाच एकमेव बरोबर निर्णय असतो. त्यामागचा हिशोब नीट समजून घेतला, तर नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, येवला, चांदवड, देवळा, सटाण्याच्या शेतकऱ्याकडे बघण्याची आपली नजर बदलावी लागते, असं माझं म्हणणं आहे. चांगला कांदा साठवणीच्या चाळीत असताना तो घाईने विकणाऱ्याला आपण भित्रा, नाहीतर अडाणी ठरवतो. तो बहुतेक वेळा दोन्ही नसतो. ज्या खेळात त्याला बसवलं आहे, त्या खेळाचे नियम त्याला आपल्यापेक्षा चांगले कळलेले असतात.

पैसे लावून पत्ते खेळावेत अशी शिफारस मी करत नाही. महाराष्ट्रात १८८७ पासूनचा जुगारबंदीचा कायदा आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळ देशभर बंद केले, त्यात पोकरही आलं. मराठी माणसाला हा खेळ टेबलावर मांडलेला बघायचा तर गोव्यात, मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर. पण जोखमीचा इतका स्वच्छ, पाटीवर मांडता येईल असा हिशोब दुसरीकडे सहसा सापडत नाही, म्हणून तो इथे घेतो.

पोकर दोन तऱ्हांनी खेळलं जातं. एकात समोरची प्रत्येक चिप म्हणजे रोख पैसा. हरलात तर खिशातून पुन्हा पैसे काढून बसता येतं. तिथे एक्के कधीच टाकू नयेत, कारण सरासरी तुमच्या बाजूला आहे आणि डाव हजारो आहेत. दुसरी तऱ्हा स्पर्धेची. तिथे सगळे सारख्या चिपांनी सुरुवात करतात, चिपा संपल्या की माणूस बाहेर, आणि बक्षीस शेवटी कोण कितवा राहिला यावर. इथे चिपांची किंमत सरळ रेषेत वाढत नाही. चिपा दुप्पट झाल्या म्हणजे बक्षिसाची अपेक्षा दुप्पट झाली, असं होत नाही. पोकरवर लिहिणारे मेसन माल्मुथ यांनी १९८७ मध्ये हा हिशोब पोकरला लावून दाखवला आणि आज प्रत्येक गंभीर खेळाडू तो शिकतो.

एक छोटं उदाहरण सोडवून पाहू. चार खेळाडू उरलेत, चौघांकडे सारख्या चिपा. बक्षिसं तीन: ५०, ३० आणि २० रुपये. चौथ्याला काही नाही. या क्षणी प्रत्येकाचा वाटा २५ रुपयांचा. आता मी सगळ्या चिपा लावून एकाला बाहेर काढलं. माझ्याकडे एकूण चिपांपैकी निम्म्या आल्या. पहिला येण्याची शक्यता निम्मी, म्हणजे २५ रुपये. दुसरा येण्याची एक तृतीयांश, म्हणजे १० रुपये. तिसरा येण्याची एक षष्ठांश, म्हणजे ३ रुपये ३३ पैसे. बेरीज ३८ रुपये ३३ पैसे. चिपा दुप्पट झाल्या, पण २५ चे ५० झाले नाहीत. हरलो असतो तर मात्र २५ चं थेट शून्य. म्हणजे जिंकून १३ मिळवायचे आणि हरून २५ गमवायचे, असा हा सौदा आहे. तो परवडायला निम्मी शक्यता पुरत नाही, शंभरात पासष्ट लागते. साधारण बरी पानं इथे टाकावीच लागतात. एक्के मात्र सरासरी ऐंशीच्या वर जिंकतात, म्हणून ते इथेही खेळायचे. नुसत्या भीतीने एक्के टाकणारा खेळाडू चूकच करतो, हे हा हिशोब सांगतो.

आता बक्षीस बदला. अकरा खेळाडू उरलेत आणि दहा जणांना सारखंच बक्षीस आहे: मोठ्या स्पर्धेचं एकेक प्रवेशपत्र. पहिल्याला जास्त नाही, दहाव्याला कमी नाही. माझ्यापुढे चिपांचा ढीग आहे. कोपऱ्यातल्या एकाच्या चिपा दोन-तीन डावांत संपतील अशा बेताला आल्यात. इतक्यात माझ्याहून मोठा ढीग असलेल्याने सगळं पुढे लोटलं, आणि माझ्या हातात एक्के. शांत बसलो तर प्रवेशपत्र जवळजवळ नक्की. भिडलो आणि जिंकलो, तरी मिळणार तेच एक प्रवेशपत्र. शंभरातल्या पंधरा-वीस वेळा मात्र भिडून हरेन, आणि हाती काहीच नाही. नक्की असलेलं पंच्याऐंशीवर आणायचं कशासाठी? इथे तीन पत्तीतल्या भाषेत पॅक करणं हाच शहाणपणा.

यातून नियम निघतो तो असा. पान किती भारी आहे, हा अर्धाच प्रश्न. उरलेला अर्धा प्रश्न, जिंकल्याने माझ्या स्थितीत काय भर पडते आणि हरल्याने काय जातं. वरची मर्यादा बांधलेली असेल आणि खाली तळ नसेल, तर जगातली सर्वांत भारी पानंही टाकण्याच्या लायकीची होतात.

हे पोकरच्याही फार आधी कळलेलं आहे. डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात एक उदाहरण दिलं होतं. एका अगदी गरीब माणसाला सोडतीचं तिकीट मिळतं. निम्म्या शक्यतेने वीस हजार मोहरा, निम्म्या शक्यतेने काहीच नाही. सरासरीने तिकिटाची किंमत दहा हजार. कुणी नऊ हजारांना मागितलं, तर त्याने ते विकावं का? बर्नुलीचं उत्तर, विकलं तर त्यात काही गैर नाही. आणि तेच तिकीट नऊ हजारांना घ्यायला श्रीमंत माणसाने नकार दिला, तर तो मात्र चुकला. तिकीट एक, भाव एक, विकणाराही शहाणा आणि घेणाराही शहाणा. फरक दोघांच्या खिशात आहे.

लासलगावच्या बाजार समितीत लिलावाच्या दिवशी नेमकं हेच घडतं. ट्रॅक्टरवर उभा शेतकरी आणि खालून बोली लावणारा व्यापारी या दोघांनाही पुढे भाव वाढेल असं वाटत असू शकतं. तरी एक विकतो आणि दुसरा घेतो. व्यापाऱ्याकडे अनेक गावांचा माल आहे, बँकेची मर्यादा आहे, पुढचा हंगाम आहे. एका खेपेला फटका बसला तर दुसऱ्या खेपेला निघतो. तो रोखीचा डाव खेळतोय. शेतकऱ्याकडे एक चाळ आहे. तो स्पर्धेत बसलाय.

ही चाळ जवळून पाहिल्याशिवाय या निर्णयाचं वजन कळत नाही. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो. पात कापून, सुकवून, बारीक गोल्टी बाजूला काढून, चांगला माल जमिनीपासून उचललेल्या, दोन्ही बाजूंनी पट्ट्या मारलेल्या अरुंद चाळीत भरतात. खालून आणि बाजूंनी वारा खेळला पाहिजे. जूनचा पाऊस आला, हवा दमट झाली की खेळ सुरू होतो. आतून एखादा कांदा पाणी सोडतो, तो शेजारच्याला नासवतो. काहींना कोंब फुटतात, काहींना काजळी धरते. ऑगस्टमध्ये चाळ फोडून बायका निवडायला बसतात, तेव्हा वासावरूनच कळतं किती गेला. चार-पाच महिन्यांत वजनातली घट आणि सड मिळून चौथा हिस्सा जाणं नेहमीचं, वर्ष वाईट असेल तर त्याहून पुष्कळ जास्त.

समजा एकाने शंभर क्विंटल कांदा चाळीत भरला आणि त्या दिवशी भाव बाराशे होता. विकला असता तर एक लाख वीस हजार. सप्टेंबरपर्यंत तीस टक्के गेला, उरले सत्तर क्विंटल. तेवढेच पैसे हातात यायला भाव १७१५ च्या आसपास हवा. वर निवडणीची मजुरी, चाळीचा खर्च आणि मधल्या काळातलं व्याज. म्हणजे भाव दीडपट होऊनही थांबणाऱ्याला काही सुटत नाही. "थांबला असतास तर दुप्पट झाले असते" असं सांगणाऱ्यांच्या हिशोबात हे सडलेले तीस क्विंटल नसतात.

तरीही थांबणं हा भारी हात आहे, हे मी नाकारत नाही. अनेक वर्षांत थांबणाऱ्याला पैसे झालेत. २०१९ मध्ये २९ सप्टेंबरला निर्यातबंदी आली, २०२० मध्ये १४ सप्टेंबरला पुन्हा आली, आणि दोन्ही वेळा पावसाने नव्या मालाची दैना केल्यामुळे बंदीनंतरही भाव चढले. ज्याच्या चाळीत तोवर कांदा शिल्लक होता, त्याचं भलं झालं. २०२२ मध्ये उलट झालं. पावसाळाभर चाळीतल्या कांद्याला भाव उठलाच नाही आणि लोकांनी सडका माल उकिरड्यावर नेऊन टाकला. दहा वर्षांची सरासरी काढली, तर कदाचित थांबणाराच पुढे असेल. पण ती सरासरी मिळवायला दहाही वर्षं टेबलावर बसलेलं असावं लागतं. २०२२ मध्ये ज्याचं पीककर्ज थकलं, ज्याने सावकाराकडून उचल घेतली, ज्याने ट्रॅक्टर विकला, त्याला २०२३ चा भाव काय कामाचा?

म्हणूनच शेजारी राहणाऱ्या दोघांनी एकाच दिवशी एकाच भावाला उलट निर्णय घेतले, तर दोघेही बरोबर असू शकतात. ज्याच्या घरात एक पगार सातपूरच्या किंवा अंबडच्या कारखान्यातून येतो, त्याने थांबावं. हरला तरी घर चालतं. ज्याचं सगळं घर त्या एका चाळीवर आहे, ज्याला जूनमध्ये बियाणं-खत घ्यायचंय आणि शाळेची फी भरायचीय, त्याच्यासाठी पुढच्या हंगामात उभं राहणं हेच प्रवेशपत्र. ते हातात असताना त्याने भारी पान टाकलं, तर त्याला भित्रा म्हणणाऱ्याने आधी आपला खिसा चाचपावा. धाडस हा स्वभावाचा गुण मानण्याची आपल्याला सवय आहे. बऱ्याचदा ते पाठीमागे असलेल्या आधाराचं दुसरं नाव असतं.

आतापर्यंतचा हिशोब निसर्गाचा आणि खिशाचा झाला. पण नाशिकच्या टेबलावर तिसरा एक खेळाडू आहे, आणि माझी खरी तक्रार त्याच्याविषयी आहे. पोकरमध्ये पानं वाटल्यावर नियम बदलत नाहीत. कांद्यात बदलतात. २०२३ चं एकच वर्ष बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांद्याचा भाव कोसळला, तेव्हा राज्य सरकारने क्विंटलला साडेतीनशे रुपये अनुदान जाहीर केलं, तेही दोनशे क्विंटलच्या मर्यादेत. ऑगस्टमध्ये चाळीतल्या कांद्याला जरा भाव येऊ लागला, तर १९ तारखेला केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले लिलाव बंद पडले. ऑक्टोबरमध्ये भाव पुन्हा उसळला, तर २८ तारखेला टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं. ८ डिसेंबरला थेट बंदी. ती उठली ४ मे २०२४ ला, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्कासह. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क निम्म्यावर आलं. उरलेलं २० टक्के शुल्क जायला १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला.

या तारखा एका ओळीत ठेवून मघाचा नियम आठवा. भाव चढला की दिल्लीतून अधिसूचना निघते आणि वरचा भाग छाटला जातो. भाव पडला की त्याच तोलाचं काही येत नाही, आलं तर उशिरा, मर्यादेत आणि सातबारा-पीकपेऱ्याच्या कागदांतून गाळून. वर झाकण, खाली तळ नाही. सरकारने आपल्या हाताने शेतकऱ्याची स्पर्धा त्या दहा प्रवेशपत्रांच्या स्पर्धेसारखी करून टाकली आहे, जिथे जिंकून फारसं काही वाढत नाही आणि हरलं की सगळं जातं. अशा खेळात शहाणा माणूस भारी पानं टाकायलाच शिकतो. मग एप्रिल-मेमध्ये बाजार तुंबतो, चाळी जेवढ्या भरायला हव्यात तेवढ्या भरत नाहीत, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, नवा लाल कांदा यायच्या आधी, शहरात टंचाई होते. ज्या टंचाईच्या भीतीने अधिसूचना काढली, तीच टंचाई अधिसूचनेच्या भीतीने वाढते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळणं बरोबर नाही. शहरातल्या मजुराच्या ताटातही कांदा आहे. शंभर रुपये किलो झाला तर त्याचं काय? १९९८ मध्ये दिल्ली राज्यातली सत्ता कांद्याच्या भावाने गेली, असं आजही मानलं जातं, तेव्हा कुठलंही सरकार हातावर हात ठेवून बसणार नाही. मला हे मान्य आहे. ग्राहकाचं संरक्षण हा सरकारचा धर्मच आहे. पण त्याचा खर्च कुणी उचलायचा, हा प्रश्न उरतो. निर्यात रोखून भाव पाडणं म्हणजे तो खर्च चाळवाल्याच्या खिशातून काढणं, तेही त्याने पाच महिने सड सोसल्यानंतर. भाव स्थिरीकरण निधीतून कांदा विकत घेऊन शहरात स्वस्तात विकणं, हा निदान तिजोरीतून केलेला खर्च आहे. त्यातही तो साठा नाशिकचेच भाव पाडायला वापरला जाऊ नये, ही अपेक्षा गैर नाही.

दुसरा आक्षेप शेतकऱ्यांच्या बाजूनेच येतो. सगळेच असं सावध राहिले, तर कुणी मोठा कसा होणार? नाशिकची द्राक्षं युरोपात गेली ती जोखीम घेणाऱ्यांमुळेच. खरं आहे. त्या द्राक्षांनीही २०१० मध्ये मोठा फटका खाल्ला. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशाच्या मुद्द्यावर कंटेनर युरोपात अडकले आणि चांगला माल असूनही बागायतदार बुडाले. त्यातून जिल्ह्याने घेतलेला धडा जोखीम सोडण्याचा नव्हता. जोखीम एकट्याने उचलायची नाही, हा तो धडा होता. माल जाण्याआधीची अंशांची तपासणी आणखी काटेकोर झाली, आणि दिंडोरी तालुक्यात मोहाडीला शेतकऱ्यांच्याच मालकीची सह्याद्री फार्म्स वाढत गेली. अनेकांचे डाव एकत्र आले की एका डावातली हार कुणाला उठवून लावत नाही. तेव्हा मात्र एक्के टाकणं खरोखर मूर्खपणाचं ठरतं.

पत्त्यांची आणि कांद्याची तुलना एका जागी संपते, आणि ती जागा शेतकऱ्याच्या फायद्याची आहे. पोकरमध्ये अर्धा हात टाकता येत नाही. चाळ अर्धी विकता येते. पेरणीचा, कर्जाचा आणि घराचा खर्च भागेल एवढा कांदा काढणीलाच विकायचा, उरलेला दोन-तीन टप्प्यांत काढायचा. गावोगावचे जाणते शेतकरी हे करत आलेत. पहिल्या टप्प्यात प्रवेशपत्र हातात आलं, की उरलेल्या मालावर मनासारखी जोखीम घ्यावी. तोवर नाही. आणि पारावर बसून सल्ला देणाऱ्यांनी ऑक्टोबरचा भाव बघून एप्रिलच्या निर्णयाला नावं ठेवणं थांबवावं. निर्णय घेताना जे माहीत होतं, त्यावरूनच तो तोलायचा असतो. चांगला निर्णय हरू शकतो आणि वाईट निर्णय जिंकू शकतो, हे ज्याला पटत नाही त्याच्याकडून जोखमीवरचा सल्ला घेऊ नये.

सरकारकडे मागणं एकच आहे, आणि ते फुकट काही मागणं नाही. निर्यातीचे नियम कांदा चाळीत भरण्याआधी, मार्चमध्ये, जाहीर करावेत आणि हंगाम संपेपर्यंत त्यांना हात लावू नये. कुठल्या भावाला कुठलं शुल्क लागेल, हे आधी लिहून ठेवावं. आणि वरच्या भावाला जशी मर्यादा घालता, तसा खालच्या भावाला तळही आधीच सांगावा. एक हवं असेल तर दुसरं द्यावं लागेल. एवढं झालं तर शेतकरी आपोआप जास्त कांदा राखेल, बाजार एकदम तुंबणार नाही आणि शहरातल्या ग्राहकालाही सप्टेंबरमध्ये परवडणारा कांदा मिळेल. ते होत नाही तोवर, एप्रिलच्या उन्हात भरल्या ट्रॅक्टरसह रांगेत उभ्या असलेल्या माणसाने मिळेल त्या भावाला माल दिला, तर तो निर्णय त्याच्या मर्यादेचा पुरावा मानू नये. तो आपल्या धोरणाचा निकाल आहे, आणि बदलायचं ते धोरण आहे.